शांत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिला, अकरा दिवसांत त्यात बदलही केला आणि देशभर वादाला तोंड फुटले. त्या गदारोळात मांजराचा विषय फारसा कुणाच्या तोंडी आला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेच्या यादीतही गाय-म्हशींपासून याक, मिथुन, उंट आणि हत्तीपर्यंतचे प्राणी आहेत, कुत्रा आहे, ससाही आहे. मांजर मात्र नाही. सोसायटीच्या जिन्याखाली, मीटर बॉक्सच्या कोनाड्यात, गॅरेजमधल्या जुन्या टायरात भाटी व्याली की तिच्या पिल्लांचे काय करायचे, याचे उत्तर म्हणूनच कोणत्याही सरकारी कागदावर सापडत नाही. ते शोधावे लागते ज्याला पिल्लू सापडले त्याला, आणि बहुतेक वेळा काही तासांत.

या काही तासांत चुका होतात त्या दयेपोटी. भुकेले दिसले म्हणून गाईचे दूध पाजले जाते, अंग तापले म्हणून घरातली तापाची गोळी कुटून दिली जाते आणि निपचित पडले तर ‘दमलंय, झोपू दे’ म्हणून सोडून दिले जाते. पिल्लांचे मृत्यू अनेकदा एखाद्या दुर्मीळ रोगाने होत नाहीत. थंडी, उपासमार आणि शरीरातले पाणी कमी होणे या तीन साध्या गोष्टींनी होतात. इतर आजारही शेवटी याच वाटेने जीव घेतात. त्यांच्या खुणा मात्र घरच्या घरी, कोणत्याही तपासणीशिवाय ओळखता येतात.

उचलण्यापूर्वी थांबा

मांजराचा वीण-हंगाम दिवसाच्या लांबीशी जोडलेला असतो. थंड देशांत तो वसंत आणि उन्हाळ्यापुरता राहतो. आपल्याकडे दिवस-रात्रीत मोठा फरक पडत नसल्याने पिल्ले जवळपास वर्षभर होतात. पावसाळ्यात जन्मलेल्यांचे हाल सर्वाधिक, कारण ओल आणि गारवा हे नवजात पिल्लाचे पहिले शत्रू.

तरीही एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. भाटी अन्न शोधायला काही तास दूर जाते, किंवा जागा बदलताना पिल्ले एकेक करून उचलून नेते. पिल्ले एकमेकांना बिलगून झोपलेली, अंगाने उबदार, पोट भरलेले आणि केस स्वच्छ असतील, तर आई येते आहे असे समजावे आणि लांबून लक्ष ठेवावे. आईच्या दुधाला आणि उबेला तोड नाही. पहिल्या दिवसभरातच तिच्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात. त्यानंतर ते दार बंद होते. सतत केकाटणारे, गार पडलेले, मळलेले किंवा मुंग्या लागलेले पिल्लू मात्र मदतीसाठी थांबू शकत नाही.

पिल्लाचे वय ओळखणे ही पुढची पायरी, कारण काळजी वयावर ठरते. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पुढचे दुधाचे दात टोचू लागतात आणि पिल्लू डगमगत चालते. चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटू लागते. तीन आठवड्यांपर्यंत शी-शू सुद्धा त्याला आपणहून जमत नाही. आई चाटते तेव्हाच होते. आई नसेल तर प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने हळुवार पुसून ते करवून घ्यावे लागते. हे ठाऊक नसल्याने पोट फुगून पिल्ले दगावतात आणि दोष दुधाला दिला जातो.

आधी ऊब, मग दूध

मोठ्या मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचे मात्र ३५ ते ३७ अंशच असते आणि ते टिकवण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते, चोखण्याची शक्ती जाते. अशा वेळी तोंडात सोडलेले दूध पचत नाही. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो.

म्हणून क्रम पक्का ठेवायचा. गार पिल्लाला आधी ऊब, मग दूध. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती जाड कापडात गुंडाळून पिल्लाच्या बाजूला ठेवावी. खोक्यात एक कोपरा बाटलीशिवायचा असावा, म्हणजे गरम वाटल्यास त्याला सरकता येईल. शेक सावकाश द्यायचा. हेअर ड्रायरचा झोत किंवा उघडी गरम पिशवी नाजूक त्वचा भाजते. अंग उबदार झाले, तोंडात बोट घातल्यावर ते चोखू लागले, की मग पाजावे. पाजताना पिल्लू पोटावर असावे, जसे ते आईपाशी असते. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते.

दूध कोणते, हा नेहमीचा प्रश्न. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात पिल्लाला पचते त्याहून जास्त लॅक्टोज असते. गाईच्या दुधात त्याला लागणारी प्रथिने आणि स्निग्धांशही कमी पडतात. परिणाम जुलाबाचा, आणि शंभर-दोनशे ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे खेळ नव्हे. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. ती हाती येईपर्यंत काय द्यायचे, हे पशुवैद्याला फोनवर विचारून ठरवावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. एका वेळी जास्त पाजून फेऱ्या वाचवण्याचा प्रयत्नही जुलाबावरच संपतो.

स्वयंपाकघरातला काटा

नवजात पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे. दोन आठवड्यांत दुप्पट, महिन्याभरात चारशेच्या आसपास. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. केसाळ अंग आणि दुधाने भरलेले पोट यांमुळे खंगणारे पिल्लूही गुबगुबीत वाटते. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मात्र फसत नाही. रोज एकाच वेळी, पाजण्यापूर्वी वजन करून वहीत मांडले, की आजार बाहेर दिसण्याच्या आधी तो आकड्यांत दिसतो. एक दिवस वजन वाढले नाही तर लक्ष ठेवावे. घटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

याचे कारण पिल्लाच्या शरीरात आहे. त्याच्या यकृतात साखरेचा साठा नगण्य, अंगावर चरबी जवळपास नाही, मूत्रपिंडे अपरिपक्व. दोन वेळचे दूध चुकले तरी रक्तातली साखर खाली येते. मोठे मांजर आजारी असूनही दिवसभर ते लपवू शकते. पिल्लाकडे तेवढा वेळ नसतो. आधी ते केकाटते, मग आवाज बारीक होतो, मग ते भावंडांपासून दूर, एकटे पडून राहते. घरच्यांना या शेवटच्या टप्प्यावर ‘आता शांत झालं’ असे वाटते. तोच खरा धोक्याचा क्षण. चोखता न येणारे, लुळे पडलेले पिल्लू दवाखान्यात नेताना हिरडीला साखरेच्या पाण्याचा थेंब लावता येतो. तोंडात काहीही ओतू मात्र नये.

शरीरातले पाणी कमी झाले का, हे पाहण्यासाठी मानेवरची कातडी चिमटीत उचलण्याची युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. अगदी लहान पिल्लांत ती भरवशाची नाही. त्यापेक्षा हिरडीला बोट लावून पाहावे. ती ओलसर, गुलाबी असायला हवी; चिकट लागली तर पाणी कमी आहे. लघवीही जवळपास रंगहीन असावी. ती गडद पिवळी दिसली तर वाट पाहू नये.

डोळे, नाक, पोट आणि केस

चिकटलेले डोळे आणि वाहणारे नाक ही सर्वाधिक दिसणारी तक्रार. तिला ‘मांजराचा फ्लू’ म्हणतात, पण माणसाच्या फ्लूशी तिचा संबंध नाही. मांजराचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू हे तिचे मुख्य सूत्रधार. नाक चोंदले की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. साधी सर्दी अशी उपासमारीत बदलते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चीपड मऊ करून पुसावे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. डोळे उघडण्याच्या वयाआधीच पापणी फुगलेली दिसली तर आत पू साचलेला असू शकतो. तो वेळेत काढला नाही तर डोळा जातो. घरात कुणासाठी तरी आणलेले डोळ्यांचे थेंब घालण्याचा मोह टाळावा. त्यांत स्टेरॉइड असेल आणि पिल्लाच्या बुबुळावर जखम असेल, तर ती चिघळते.

जुलाबाची कारणे अनेक: चुकीचे दूध, जास्त दूध, जंत, कॉक्सिडियासारखे एकपेशीय परजीवी. पोट ढोलासारखे आणि पाठीची हाडे वर आलेली, हे जंतांचे नेहमीचे चित्र. गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, त्यामुळे ‘घराबाहेर गेलेच नाही, जंत कुठून होणार’ हा युक्तिवाद टिकत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, पशुवैद्याने वजनावर मोजून दिलेले जंतनाशक हा त्यावरचा उपाय.

पिसवांकडे त्रास म्हणून पाहिले जाते, आजार म्हणून नाही. पण तीनशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून चार चमचे रक्त असते. शेकडो पिसवा त्यातले रोज शोषत राहिल्या तर हिरड्या पांढुरक्या पडतात, पिल्लू सुस्तावते आणि रक्तक्षयाने मरूही शकते. बारीक दातांचा कंगवा आणि कोमट पाणी हे सुरक्षित साधन. अंग लगेच पूर्ण कोरडे करून ऊब द्यावी. कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर वा थेंब मात्र हरगीज नकोत. त्यांतल्या अनेकांत असलेले परमेथ्रिन कुत्र्याला चालते, मांजराला झटके आणून मारते.

हाच नियम माणसाच्या औषधांना. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ‘थोडीशीच दिली’ या वाक्याला इथे अर्थ नाही. गोळी पोटात गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, दवाखाना गाठावा आणि गोळीचे पाकीट सोबत न्यावे.

सर्वांत वेगाने मारणारा विषाणू

पॅनल्युकोपेनिया हे नाव अवघड असले तरी मांजर पाळणाऱ्याने पाठ करावे असे आहे. कुत्र्यांतल्या पार्व्होच्या कुळातला हा विषाणू. शरीरात जिथे पेशी झपाट्याने विभागतात, तिथे तो हल्ला करतो: आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा. एकीकडे उलट्या-जुलाब, दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटल्याने प्रतिकारशक्ती कोसळलेली. काल खेळणारे पिल्लू आज पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, पाणी पीत मात्र नाही. काही पिल्ले लक्षणे दिसण्याआधीच मरतात आणि शेजाऱ्यावर विषप्रयोगाचा संशय घेतला जातो. उपचाराविना बहुतेक पिल्ले वाचत नाहीत. सलाइन, उलटीवरचे औषध आणि प्रतिजैविके वेळेत मिळाली तर बरीच वाचू शकतात.

हा विषाणू घरातल्या फरशीवर, टोपलीत, चपलेच्या तळाला वर्षभरही तग धरतो. साध्या फिनाइलवर विसंबू नये. पातळ केलेले ब्लीच लागते. ज्या घरात एक पिल्लू या आजाराने गेले, तिथे दुसरे लस न दिलेले पिल्लू लगेच आणणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेवर नेणे. त्याची मजल पाळीव मांजरांपुरती नाही. २०२३ मध्ये बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा जैविक उद्यानात बिबट्याची सात पिल्ले याच विषाणूने दगावली, आणि त्यांना लस दिलेली होती.

लस घेऊनही आजार कसा होतो, याचे एक कारण आईकडून मिळालेल्या संरक्षणात दडलेले आहे. चिकातून आलेली प्रतिद्रव्ये पिल्लाला जपतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. कुणात आठव्या आठवड्यात, कुणात चौदाव्या. म्हणून एका डोसवर थांबून चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देत राहायची असते. पुढचे डोस चुकवणे ही शहरांतल्या सुशिक्षित घरांतही होणारी चूक. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आलीच.

घरातल्या माणसांसाठी

पिल्लाच्या कानामागे, पंजावर केस गळून गोल चट्टा पडला आणि काही दिवसांनी मुलाच्या दंडावर तसाच लालसर गोल उठला, तर नायटा पिल्लाकडून आला असण्याची शक्यता मोठी. मायक्रोस्पोरम कॅनिस ही त्यामागची बुरशी. पण प्रत्येक नायट्याचे खापर मांजरावर फोडू नये. गेली काही वर्षे भारतात जो चिवट नायटा पसरला आहे, तो ट्रायकोफायटन इंडोटिनी या माणसाकडून माणसाला होणाऱ्या बुरशीचा. स्टेरॉइड मिसळलेली मलमे दोन्ही प्रकार बिघडवतात.

रेबीजबाबत मात्र सूट नाही. लस न दिलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा रक्त निघेल असे ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन सरळ रुग्णालयात जावे. ‘एवढंसं पिल्लू आहे’ हा दिलासा विषाणूला कळत नाही.

गर्भवतीच्या घरातून मांजर हाकलण्याची घाई तेवढी गरजेची नसते. टोक्सोप्लाझ्मा पसरवणारी अंडी मांजर बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून टाकते आणि ती संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. मातीचा ट्रे दुसऱ्या कुणी रोज साफ केला, मांस नीट शिजवले आणि भाज्या धुतल्या, तर धोका बराच टळतो. कच्चे चिकन मांजराला घालणे मात्र थांबवावे. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांतही एच५एन१ विषाणू आढळला.

मोजणीबाहेरचा प्राणी

मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांच्या नसबंदीचे काम हाती घेतले. पुण्यात २०२२ मध्ये पाळीव मांजरांसाठी परवान्याची पद्धत जाहीर झाली. केंद्राने २००१ चे कुत्र्यांपुरते असलेले प्रजनन नियंत्रण नियम बदलून २०२३ मध्ये नवे नियम आणले, तेव्हा त्यांच्या नावातून ‘कुत्रे’ हा शब्द गेला. कागदावर मांजराला जागा होते आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभे राहिले. तिथे दोनशे ग्रॅमच्या पिल्लाला सुई टोचण्याचा सराव आणि साधने दोन्ही कमी. मोठ्या शहरांत खासगी दवाखाने आहेत, पण रस्त्यावरच्या पिल्लासाठी तिथला खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच.

हिशेब नसबंदीच्या बाजूने आहे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. एका सोसायटीने दोन भाट्यांची शस्त्रक्रिया करवून घेतली, तर वर्षभरात वाचवावी लागणारी अनेक पिल्ले जन्मालाच येत नाहीत. जी जन्मली आहेत, त्यांच्यासाठी रोज खायला घालणाऱ्यांनी जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक, पिल्लांची दूध पावडर आणि एक वजनकाटा हाताशी ठेवावा. केकाटणाऱ्या पिल्लाकडे लक्ष आपोआप जाते. ज्याचा आवाज आज सकाळपासून बंद झाला आहे, त्याला आधी उचलून पाहावे.